हौसा, तुला दिलेला शब्द

हौसा,

तेराव्याला तुझ्या अंगणात जी बाई आली ती ‘सुटली बिचारी’ म्हणतच बसली आणि ‘सुटली बिचारी’ म्हणतच उठली. मीही मान हलवत होते. दुसरं काय करणार? सहा वर्षं तुझं काय चाललं होतं ते सगळ्या मोशीने पाहिलं होतं. पण घरी आले आणि पायावर पाणी घेता घेता मला तुझा इतका राग आला की तांब्या आपटला. आपलं भांडण अर्धं ठेवून तू गेलीस. आता मी कुणाशी भांडू?

बावीस वर्षं आपण कंपनीच्या एकाच बसने चाकणला गेलो. मी पिंपळे गुरवला चढायचे, तुझ्यासाठी शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायचे आणि भोसरी मागे पडली की पिशवी मांडीवर घ्यायचे. मोशीच्या थांब्यावर तू चढायचीस ती बोलतच. “सर की गं लातूरवाली, समदी शीट बापाचीच हाय का?” गाडीच्या आत जे वायरींचं जाळं असतं ते आपण बोर्डावर उभं राहून विणायचो. कुठली वायर कुठल्या खिळ्याला वळसा घालून कुठल्या कनेक्टरमध्ये बसते, त्याचा कागद बोर्डाच्या वर लावलेला असे. तुला मी त्या कागदाकडे बघताना कधी पाहिलं नाही. नवीन पोरी सुपरवायझरला न विचारता तुला विचारायच्या, आणि तू मान वर न करता सांगायचीस, “पिवळी, हिरव्या रेघंची. तिसऱ्या भोकात.”

मग तुझी आई तुझ्याकडे राहायला आली. पहिल्यांदा तू तिच्या गमती सांगायचीस. शिजवलेला भात ताटात पसरून ती खडे वेचत बसते, म्हणून सांगताना तुला इतकं हसू आलं होतं की पुढच्या सीटवरच्या बायका मागे वळल्या. काही महिन्यांनी तू त्या गोष्टी सांगेनाशी झालीस. ती गेली, सुतक संपवून तू कामावर आलीस, आणि बस इंद्रायणीच्या पुलावर असताना म्हणालीस, “उषे, मला बी असंच व्हनार.”

“कामून होईल?”

“आईच्या आईला बी झालतं. तवा लोकं म्हातारचळ म्हनायची.”

मी म्हटलं, तुला नाही होत काही, गप बस. माणसं म्हणतात तसं म्हटलं. मला तरी काय माहीत होतं?

त्यानंतरच्या महिला दिनाला कंपनीने एका डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, गुलाबाचं एकेक फूल दिलं होतं. बाई चांगलं बोलल्या. मेंदूसाठी काय खावं ते सांगितलं. पालेभाज्या, कडधान्यं, अक्रोड, जवस, मासे. साखर आणि तळलेलं कमी. बीपी-शुगर आटोक्यात ठेवायची, चालायचं, झोप घ्यायची. असं राहिलं तर विसरण्याच्या आजाराचा धोका कमी होऊ शकतो, असं त्या म्हणाल्या. मी ऐकलं ते ‘होऊ शकतो’. तू ऐकलंस ते ‘होतो’. आपलं भांडण तिथून सुरू झालं, हौसा. एका ‘शकतो’वरून.

दुसऱ्या दिवसापासून तुझा डबा बदलला. तुझ्या हातच्या त्या लाल तर्रीच्या मटकीच्या उसळीवर आख्खी लाईन जीव टाकायची, ती गेली. तिच्या जागी शेपू, चाकवत, उकडलेली मटकी. चहात साखर बंद. कॅन्टीनचा वडा तू माझ्या ताटात सरकवायचीस. जवसाची चटणी मी द्यायचे, आमच्याकडं घरोघर असते ती, आईकडून शिकलेली. तू चमचाभर चटणी औषधासारखी मोजून घ्यायचीस.

आणि मासे! तुझ्या सासरी मटण-मासळी उंबऱ्याच्या आत येत नव्हती. मग मी पिंपरीच्या बाजारातून बांगडे आणायचे, शेजारच्या मालवणच्या वहिनीला विचारून विचारून करायचे आणि तुझ्या वाटणीचा तुकडा वेगळ्या डब्यात घालून आणायचे. तू कॅन्टीनच्या मागच्या पायरीवर बसून, एका हाताने नाक दाबून तो खायचीस. डोळ्यांत पाणी यायचं तुझ्या. “काय पाप केलं म्हनून हे खायची येळ आली,” म्हणायचीस, आणि काट्यासकट चाटून पुसून डबा रिकामा करायचीस. मी हसून हसून लोळायचे. आज लिहिताना सुद्धा हसले, आणि मग हसू कुठे ठेवावं ते कळेना.

पण तुला सगळ्यात जड गेली ती गोडीशेव. तुमच्या गावच्या जत्रेत गुळाच्या पाकातली ती जाड शेव ढीगच्या ढीग मांडलेली असते. दरवर्षी तू किलोभर घेऊन बसमध्ये चढायचीस, आणि चाकण येईपर्यंत आपली बोटं चिकट झालेली असायची. त्या वर्षी तू रिकाम्या हाताने आलीस. मी म्हटलं, “एक दिवस खाल्लीस तर काय मेंदू पाघळतोय का?” तू म्हणालीस, “एक दिवस म्हनता म्हनता जलम जातो.” मग मी चिडले. तुला म्हटलं, माझी आजी गूळ-तुपात बुडवून भाकरी खायची, शेवटच्या दिवसापर्यंत पंचक्रोशीतल्या लोकांच्या सोयरिकी तिला तोंडपाठ होत्या. व्हायचं ते होतं. तू म्हणालीस, “तुझी आजी तुझी. माझी माझी.”  पण हार मी मानली नाही. वर्षानुवर्षं त्या बसमध्ये तेच. मी म्हणायचे, तू जगणंच विसरलीस या विसरण्याच्या भीतीने. तू म्हणायचीस, तुला काय कळतंय, तू बघितलं न्हाईस.

खरंच मी बघितलं नव्हतं.

मग तो दिवस. जेवणाची सुट्टी संपत आली होती, आपण नळावर डबे धूत होतो. तू एकदम माझं मनगट धरलंस, साबणाच्या हाताने. “उषे, उद्या मला झालंच, तर मी काय बी मागंल. आईनं मागितलं तसं. साखर मागंल, गोड मागंल. तू देऊ नगं. मी रडले तरी देऊ नगं. माझ्या घरातली समदी मऊ हायत, ती देतील. तू देऊ नगं.”

मी हसले. म्हटलं, नाही देणार बाई, सोड आता, बेल झाली.

“शब्द दे.”

“दिला.”

किती सहज दिला. घासलेला डबा हातात होता, सुपरवायझर ओरडत होता, आणि मी तुला शब्द दिला.

सुरुवात बोर्डावरच झाली. पिवळी, हिरव्या रेघंची वायर तू चौथ्या भोकात घातलीस. टेस्टिंगला दिवा लागला नाही. मला वाटलं, होतं एखाद्या वेळी. आठवड्यात पुन्हा झालं. मग तू कागदाकडे बघायला लागलीस. बोटाने ओळ धरून, शाळेतल्या पोरीसारखी. मी माझा बोर्ड उरकून तुझ्याकडे यायचे, काहीतरी बोलायच्या निमित्ताने तुझ्या चुकलेल्या वायरी काढून बसवायचे. तुला कळायचं. तू माझ्याकडे बघायची नाहीस. असे आपण सात-आठ महिने काढले असतील. त्या महिन्यांत तू आणखी कडक झालीस. सकाळी अक्रोड, दुपारी पालेभाजी, संध्याकाळी लवकर जेवण. फळांतसुद्धा गोड म्हणून चिकू सोडलास. मी एकदाही वाद घातला नाही. तेव्हाच तुला समजलं असणार.

पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात मी आणि दाजी तुला घेऊन गेलो. तुझा नवरा तो, पण बोलायला मी पुढे. डोक्याची तपासणी झाली, रक्त झालं, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी नाव सांगितलं, अल्झायमर. मी म्हटलं, “डॉक्टर, पण ही इतकी वर्षं सगळं बरोबर खातीय.” माझ्या आवाजात तक्रार होती. जसं काही त्यांनीच फसवलं.

ते म्हणाले, “ताई, चांगल्या आहाराने धोका थोडा कमी होतो असं दिसतं. पुष्कळ माणसांचा मिळून. एका माणसाचं काय होईल ते नाही सांगता येत. यांच्या घरात हा आजार आहे, वयही फार नाही. कदाचित यांना आणखी लवकर झाला असता.”

तू तोपर्यंत खिडकीकडे बघत होतीस. एकदम वळलीस. “कदाचित म्हंजी व्हय का न्हाई?”

 “म्हणजे मला माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर दाजी रिक्षा बघायला गेले. आपण दोघी पायरीवर. तू मला म्हणालीस, “तू जिंकलीस.” हौसा, इतकं वाईट मला आयुष्यात कुणी बोललं नाही.

नोकरी सुटली. बसमध्ये मी तुझ्या सीटवर डब्याची पिशवी ठेवायचं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी मी मोशीला यायचे. आधी तू मला ओळखून ‘लातूरवाली’ म्हणायचीस, मग नुसतीच हसायचीस, मग हसणंही थांबलं. आणि तू सांगितलं होतंस तसंच झालं. तुला गोडाचं वेड लागलं. डबे उघडून साखर खायचीस. देवापुढचा गूळ.  दाजी खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचे तुला, लहान पोरीला देतात तशी. एकदा मी ते बघितलं आणि त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. म्हटलं, “तिने मला शब्द द्यायला लावलाय दाजी, तुम्ही तिचा जन्म वाया घालवताय.”

ते खाली बघून म्हणाले, “उषाताई, डागदर म्हनला, आता खाऊ द्या. शुगर न्हाई तिला. आता बंद करून काय मिळनार? तिला एवढंच गोड लागतंय आता.”

मला हे माहीत होतं. डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं. तरी मी ऐकलं नाही. इतकी वर्षं तुझ्या पथ्याची टिंगल केली ती मी, आणि आता तुझं पथ्य पाळायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. मला वाटायचं, मी दिलं तर माझ्याच हाताने सांगितल्यासारखं होईल, की संपलं. जोवर मी देत नाही तोवर अजून काहीतरी वाचवायचं बाकी आहे.

मग ती जत्रा आली. मी म्हटलं, हिला जरा फिरवून आणते. तुला हिरवं लुगडं नेसवलं. स्पीकर, पाळणे, धूळ. तुला आवडलं. माझा हात धरून तू चालत होतीस. मला बरं वाटलं होतं त्या दिवशी, फार दिवसांनी. शेवेच्या दुकानापाशी तू थांबलीस. थांबलीस ती हलेचनास. मग हात पुढे केलास आणि ढिगातली मूठभर शेव उचललीस.

मी तुझं मनगट धरलं.

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत मी कुणी नव्हते. “बाई, घेऊ द्या की,” तू म्हणालीस. मला ‘बाई’ म्हणालीस. “थोडीच घेते. घेऊ द्या.”

“नाही हौसा. चल.”

“मी तुमचं काय वाईट केलं, बाई?”

दुकानदार म्हणाला, “अहो खाऊ द्या ना माउलीला, मी देतोय.” मी तुझी बोटं एक एक करून उघडली. शेव खाली मातीत पडली. तू रडायला लागलीस, तोंड वासून, लहान मूल रडतं तसं, आणि मी तुला गर्दीतून ओढत घरी आणलं. सगळा गाव बघत होता. मी शब्द पाळला होता. माझे हात चिकट झाले होते.

त्यानंतर तू आजारी पडलीस. छातीत कफ झाला, हॉस्पिटल झालं. डॉक्टर म्हणाले, घास आता श्वासनळीत जातोय, गिळायचंच मेंदू विसरलाय. नाकातून नळी घातली. दर दोन-तीन तासांनी पांढरं पातळ दूध-पावडर त्या नळीतून ओतायचं. स्वाती, तुझी लेक, रजा काढून ते करायची. हाताने नळी उंच धरून उभी राहायची. त्यात सगळं होतं म्हणे, जे जे शरीराला हवं ते. फक्त तुझ्या जिभेवर त्यातला थेंबही येत नव्हता.

एका दुपारी घरी मी आणि तू दोघीच होतो. नर्सने सांगितलं होतं, ओठ कोरडे पडतात, ओल्या कापसाने पुसत जा. मी वाटीत गुळाचं पाणी केलं. बोट बुडवलं आणि तुझ्या ओठांवरून फिरवलं. मग जिभेच्या टोकावर. मी वाट बघितली. बराच वेळ बघितली. तुझी जीभ हलली नाही. डोळे छताकडे होते तसेच राहिले. मी कापसाने तुझं तोंड पुसलं, आणि वाटी मोरीत उपडी केली.

तेव्हापासून मी विचारतेय, हौसा, आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. नळावर माझं मनगट धरणारी तू होतीस, आणि जत्रेत हात पसरणारीही तूच होतीस. पहिलीला मी शब्द दिला होता. पण पहिली तेव्हा नव्हतीच. ती काही मला विचारायला येणार नव्हती. समोर जी होती तिला भूक होती, तिला चव कळत होती, आणि चव कळायचे तिचे थोडेच दिवस राहिले होते. नसलेल्या मैत्रिणीसाठी मी असलेल्या बाईला रडवलं. आता दोघीही नाहीत. कुणाची माफी मागू? तू म्हणशील, तूच तर दिला होतास शब्द मला. दिला होता. पण तू चुकलीस, हौसा. असा शब्द मागायचा नसतो कुणाकडे. आणि मी चुकले, की दिला. बाकी तुझ्या त्या अक्रोडांनी काही झालं की नाही, तुझ्या बोर्डावरची दोन-तीन वर्षं त्यांनी राखली की नुसताच जिभेचा छळ झाला, हे मला कधीच कळणार नाही. तुझ्यासारखीच आणखी एक हौसा असती, सगळं खाणारी, तर तिच्याकडे बघून सांगता आलं असतं. ती नव्हती.

आणि तरी तुला सांगते, त्या मागच्या पायरीवर नाक दाबून बांगडा खाणारी बाई मला मिळाली म्हणून माझी बावीस वर्षं बरी गेली. चाकणच्या त्या शेडमध्ये, आठ तास उभं राहून, आणखी कशाने गेली असती?

परवा स्वाती आली होती. मारुंजीहून, ऑफिस अर्धं टाकून. लेकीला पाळणाघरात सोडून आली होती. बारीक झालीय. मी चहा ठेवला तर म्हणाली, “बिनसाखरेचा, मावशी.” मी डबा परत फळीवर ठेवला.  तिने मोबाईल काढला.

“मावशी, आई काय काय खायची ते सांग. सगळं. कधीपासून, किती, कसं. तुला जास्त माहीत आहे. बाबांना काही आठवत नाही.”

मला तिला दोन्ही सांगायचं होतं. खा गं बाई, सगळं खा, आजच खा, असं. आणि एक दाणा साखर तोंडात घालू नकोस, असंही. मी तिच्याकडे बघत राहिले. तुझंच कपाळ आहे तिला.

“आईला उपयोग झाला ना त्याचा?” ती म्हणाली. “तिला नाहीतर लवकर झाला असता, डॉक्टर म्हणाले होते ना?”

“हो,” मी म्हटलं. “तसं म्हणाले होते.” ‘कदाचित’ मी गिळला.

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं की भीती, मला ओळखता आलं नाही. मग तिने अंगठा मोबाईलवर धरला आणि म्हणाली, “सांग. सकाळपासून सुरू कर.”

मी सांगायला लागले.